ड्रॉवरचा स्क्रू नुसताच फिरतोय?
मग तो आणखी आवळू नका. ड्रॉवर पार्टिकल बोर्डचा असेल, तर ती फळी म्हणजे रेझिनमध्ये (चिकट गोंदात) दाबून बसवलेला लाकडाचा चुरा. त्यातले आटे एकदा गेले की प्रत्येक फेऱ्यागणिक भोक मोठंच होत जातं. स्क्रू काढा, सुटा भुसा फुंकून टाका. काडेपेटीच्या काड्यांचे गुल तोडून त्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि भोकात गच्च बसवा. वर आलेली टोकं ब्लेडने सपाट कापा. आता २४ तास ड्रॉवरला हात नको, इथे घाई फार नडते. मग मधोमध बारीक भोक पाडून तोच स्क्रू हातानेच फिरवा, मशीनने नाही. हाताला जोर लागायला लागला की थांबा. फळी ओलीने फुगली असेल तर मात्र काड्यांचा उपयोग नाही, ती बदलाच.