जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल कशी आणि किती करावी

शस्त्रक्रिया चेहऱ्यावर झालेली असली, तरी नुसते पडून राहण्याचा त्रास पायांना आणि फुप्फुसांना होतो. हालचाल थांबली की पायांतल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि फुप्फुसांत कफ साचण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच, कोणाचा तरी आधार घेऊन, खोलीतल्या खोलीत चालायला सुरुवात करावी. औषधांमुळे आणि अपुऱ्या आहारामुळे भोवळ येऊ शकते. उठताना आधी काही वेळ पाय खाली सोडून बसावे.

सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, आणि डोके खाली गेले की चेहऱ्यावरचा ताण लगेच वाढतो. त्यामुळे कमरेतून वाकू नये. खाली पडलेली वस्तू दुसऱ्या कोणाला उचलायला सांगावी. पहिले दोन आठवडे चालणे हाच पुरेसा व्यायाम समजावा. एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा पाच-दहा मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या अधिक झेपतात.

वेग ठरवण्याची खूण नाकात आहे. रबर बँडने जबडे बांधलेले असताना तोंडाने मोकळा श्वास घेता येत नाही, आणि वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाकही चोंदलेले असते. नाकाने शांतपणे श्वास घेता येईल, इतक्याच वेगाने चालावे. धाप लागली किंवा नाकातून रक्त आले, तर थांबून डोके उंच ठेवून बसावे. नाक मात्र शिंकरू नये. रक्त थांबत नसेल, श्वास अडत असेल, दात अचानक वेगळे जुळू लागले किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच वेळी डॉक्टरांना कळवावे.

बहुतेकांची चूक होते ती आहारात. द्रव पदार्थांवर राहिल्याने काही किलो वजन उतरणे नेहमीचेच आहे. परंतु शरीराला हाड सांधण्यासाठी ऊर्जा आणि प्रथिने लागत असताना व्यायाम वाढवत नेला, तर स्नायूच झिजतात. आठवड्यातून एकदा वजन करावे, आणि ते उतरतच असेल तर व्यायामाच्या आधी आहार वाढवावा. फिरून आल्यावर लगेच पाणी प्यावे, कारण तोंड नीट उघडत नसताना पाणी पिणे सहज मागे पडते.

वजने उचलण्याची घाई सर्वांत धोक्याची वाटते. जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखतो आणि दात घट्ट आवळतो. तो दाब धातूच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी धरून ठेवलेल्या कच्च्या हाडावर पडतो. हाड पुरेसे सांधायला सुमारे 6 आठवडे लागतात, त्यामुळे तोवर पळणे, उड्या आणि जड वजने टाळावीत, आणि पुढेही तपासणीनंतरच, हलक्या वजनापासून, श्वास सोडत सुरुवात करावी. चेहऱ्यावर मार बसू शकेल असे खेळ किमान 3 महिने, अनेकदा त्याहून अधिक काळ, बंद ठेवावे लागतात.

जबड्याचे व्यायाम शल्यचिकित्सक सांगतील त्याच दिवसापासून करावेत. ओठ आणि हनुवटी बधिर असतील, तर जबडा एका बाजूला सरकतो आहे हे जाणवेलच असे नाही. म्हणून आरशासमोर बसून, दुखेल इतके न ताणता, तोंड हळूहळू सरळ रेषेत उघडावे आणि किती मिलिमीटर उघडले ते दर आठवड्याला लिहून ठेवावे.