हेगच्या विद्यार्थी परिषदेला शाळेचा चमू नेताना

नेदरलँड्समधील हेग येथे १९६८ पासून भरणाऱ्या ‘थिमून’ या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेला (जिथे विद्यार्थी वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी बनून ठराव मांडतात आणि त्यांवर वादविवाद करतात) विद्यार्थी न्यायचे असतील, तर सर्वप्रथम प्रत्येकाचा पासपोर्ट तपासावा. अल्पवयीनांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो आणि शेंगेन व्हिसासाठी (नेदरलँड्ससह युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) तो परतीच्या तारखेनंतरही किमान तीन महिने वैध असावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासोबत ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि आईवडिलांचे संमतीपत्र लागते.

खरा वेळ मात्र ठरावाच्या मसुद्याला द्यावा. ठराव कितीही लांबला तरी व्याकरणदृष्ट्या ते एकच वाक्य असते: प्रस्तावनेची कलमे स्वल्पविरामाने आणि कृतीची कलमे अर्धविरामाने वेगळी होतात, तर पूर्णविराम अगदी शेवटी एकदाच येतो. हे अंगवळणी पडेपर्यंत मुलांकडून लिहून घ्यावे, आणि तेही त्यांनी स्वतःच लिहावे. शिक्षकांनी लिहून दिलेला मसुदा पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

वाट्याला आलेल्या देशाची भूमिका मांडायची असल्याने स्वतःचे मत बाजूला ठेवावे लागते. वादविवादापूर्वी समविचारी प्रतिनिधींशी बोलून मसुदे एकत्र करायचे असतात. वक्तृत्व स्पर्धा गाजवणाऱ्या मुलांना नेमके हेच जड जाते, म्हणून समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकून त्यातले एखादे कलम स्वीकारण्याचा सराव शाळेतच करून घ्यावा. परिषद जानेवारीच्या थंडीत असते, त्यामुळे औपचारिक पोशाखावर घालता येईल असा जाड कोट प्रत्येकाकडे असावा.