मुंबई ते न्यूअर्क : हिशेब चुकतो तो इथे

बरीच वर्षं पुण्यात बसून लोकांची अमेरिकेची तिकिटं काढतोय. मुलगा न्यू जर्सीत (न्यूअर्क तिथलाच विमानतळ), आईवडील कोथरूडला, अशी घरं. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. मुंबईहून लांब पल्ल्याची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ मे, ०१:१०' असेल, तर घर १४ तारखेला सोडायचं. एक काका-काकू, दोघंही बँकेतून निवृत्त, म्हणजे आकड्यांना पक्के. १५ तारखेला दुपारी तीनला काकांचा फोन : "अरे, गाडी पाचला सांगितलीये. घाटात गर्दी नसेल ना?" माझ्या पोटात गोळाच आला. त्यांचं विमान तोवर कॅनडाच्या आसपास पोचलं असणार. मागून काकूंचा आवाज, "मी कालच म्हणत होते!" बॅगा बांधलेल्या, चकल्यांचा डबा वर ठेवलेला. जातानाचं विमान चुकलं की परतीचं तिकीटही बहुधा रद्द होतं, तसं ते झालंच. तेव्हापासून मी प्रिंटवर लाल पेनाने वारासकट लिहितो, '१४ ला संध्याकाळी ५ वाजता घर सोडा', आणि समोरच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. हसतात लोक. हसू देत.

दुसरी चूक वजाबाकीची. "रात्री १:१० ला सुटतं, सकाळी ७:१० ला पोचतं, सहाच तास की!" अहो, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. मे महिन्यात न्यूअर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथले ७:१० म्हणजे आपले दुपारचे ४:४०. प्रवास साडेपंधरा तासांचा. येताना उलटी गंमत : रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री सव्वाआठला मुंबईत, दिसायला दिवसभर, प्रत्यक्षात सव्वाचौदा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेदहाचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ.

मग येतात घाईवाले. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेग ताशी नऊशे, भागिले, चौदा तास, झालं! येतानाचा आकडा असा जुळतोही, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना तेच वारे तोंडावर. शिवाय ते अंतर सर्वात जवळच्या वाटेचं. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूअर्क दोरा ताणून बघा : तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत पार उत्तर युरोपावरून जातो. सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांना हे पटत नाही. विमान मात्र आकाश उघडं असेल तिथूनच जाणार. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसा आलाच.

बाकी किरकोळ. अंतर मैलांत दिलं असेल तर कुठला मैल ते बघा : सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा १.६०९ चा, न बघता गुणू नका. न्यूअर्क आणि न्यूयॉर्क शहरातला जेएफके हे दोन वेगळे विमानतळ आहेत, मुलाला कुठे यायचं ते नीट सांगा. पुढे डॅलसला जायचं असेल तर बॅगा बहुधा अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच उचलून पुन्हा द्याव्या लागतात, त्यामुळे दीड तासाचं कनेक्शन मी काढून देत नाही. स्वस्त पडतं म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी स्वतःच काढावं.