व्हीपीएचमध्ये प्राध्यापक व्हायचंय? या चुका टाळा

एमव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, सर्जरी किंवा मेडिसिन हुकलं म्हणून बरेच जण पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्याकडे, म्हणजे व्हीपीएचकडे येतात. तसं येण्यात गैर काही नाही, पण पुढची दोन वर्षं मन तिकडेच अडकवून ठेवलं तर नुकसान आपलंच. नागपुरात तर या विषयाला चांगले दिवस आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये इथे राष्ट्रीय वन हेल्थ (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहणं) संस्थेची पायाभरणी झाली.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आधी नमुने गोळा करणं आणि प्रश्न नंतर ठरवणं. एका गोशाळेतलं रक्त, थोडं दवाखान्यात आलेल्या आजारी जनावरांचं, आणि प्रबंधाचं नाव ‘नागपूर जिल्ह्यातील ब्रुसेल्लोसिसचे (जनावरांतून माणसांत येणारा जिवाणूजन्य रोग) प्रमाण’! ही जनावरं जिल्ह्याचं प्रतिनिधित्व कशी करतात, या परीक्षकाच्या प्रश्नाला मग उत्तर नसतं. किती नमुने, कुठल्या तालुक्यातून, कसे निवडायचे हे सिनॉप्सिसआधीच, म्हणजे संशोधनाचा आराखडा सादर करण्याआधीच, सांख्यिकीच्या सरांसोबत बसून ठरवा. काम होऊन गेलं असेल, तर शीर्षकातच ‘दवाखान्यात आलेल्या जनावरांमधील’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

गोठ्यावरच्या माणसांचं रक्त घेणार असाल, तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी पुरत नाही. मानवी नैतिकता समितीची मान्यता आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते. ती मागच्या तारखेने मिळत नाही. राहून गेली असेल, तर काम थांबवा, अर्ज करा आणि मान्यता आल्यावर नमुने नव्याने घ्या.

सीरम गुलाबी दिसतंय? म्हणजे रक्तपेशी फुटल्यात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि ट्यूब मात्र गाडीच्या डिक्कीत! उलट काही जण रक्त काढल्याबरोबर ट्यूब थेट बर्फावर ठेवतात, त्यानेही तेच होतं. ट्यूब न हलवता सावलीत तिरकी ठेवा, गुठळी नीट बांधू द्या, मग आइस पॅकला न चिकटवता थंड पेटीत घाला. सीरम वेगळं केल्यावरच डीप फ्रीजरमध्ये जायला हवं.

ब्रुसेल्लोसिससाठीची रोझ बेंगाल ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच ‘रोग सापडला’ असं लिहू नका. ब्रुसेल्लाची लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात, आणि त्यामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. कानातला बिल्ला पाहून लसीकरणाची नोंद काढा, दुसऱ्या चाचणीने खात्री करा. वाचन ४ मिनिटांनीच घ्या. चहा पिऊन आल्यावर घेतलेलं वाचन धरू नये.

रेबीजची प्रतिबंधक लस (०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस) न घेता शवविच्छेदनाला उभं राहू नका. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) ‘पीएचडीनंतर बघू’ म्हणून ढकलू नका, एमव्हीएस्सीचा अभ्यास ताजा असतानाच द्या. पैसे भरून आठवड्यात छापणारी जर्नल्स टाळा. निवड समितीसमोर ती उलट अंगाशी येतात.

आणि डॉक्टरांशी बोला. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, मिहानमधलं एम्स हे सगळं एकाच शहरात असूनही आपले विद्यार्थी तिथल्या मायक्रोबायोलॉजी विभागाची पायरी चढत नाहीत, याचं मनापासून वाईट वाटतं. सिनॉप्सिस सादर करण्याआधी विषयाचं एक पानी टिपण घेऊन, गाईडच्या पत्रासह तिथे जा. तापाच्या कुठल्या रुग्णांचं निदान अडतंय, हे त्यांनाच विचारा.