विशेष मुलांसाठी संगीतोपचार: घरी या चुका टाळा

‘गाणी लावून दिली की तासभर शांत बसतो,’ असं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे पालक बरेचदा सांगतात. घरच्यांना तेवढी उसंत मिळते आणि ती मिळायलाच हवी. पण हा संगीतोपचार नव्हे. उपचारात मूल काहीतरी करतं आणि समोरचा त्याला सुरातून, ठेक्यातून उत्तर देतो. संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये विशेष मुलांसोबत काम सुरू केलं ते याच पायावर. मुलाचं रडणं, हालचाल, ढोल बडवणं, जे असेल त्याला पियानोवर साथ दिली जाई.

म्हणून मोबाइल बाजूला ठेवा आणि स्वतः गा. सूर कच्चा असला तरी चालेल. एकच बडबडगीत रोज घ्या, ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि मनात दहा आकडे मोजा. घाई होते ती इथेच. दोन सेकंदांत आपणच शब्द म्हणून टाकतो आणि मुलाची संधी जाते. उत्तर शब्दातच यायला हवं असं नाही. नजर, हुंकार, मांडीवर मारलेली थाप, काहीही चालेल. ते आलं की लगेच ओळ पूर्ण करा. चार दिवस काहीच आलं नाही म्हणून गाणं बदलू नका. आपल्याला त्याचा कंटाळा येतो तेव्हा मुलाला ते कुठे ओळखीचं होऊ लागलेलं असतं.

मूल कान झाकतं? ‘होईल सवय’ म्हणत झांजा वाजवत राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अनेक स्वमग्न मुलांना साधा आवाजही असह्य होतो. वाद्य आधी त्याच्या हातात द्या. कधी आणि किती जोरात वाजवायचं हे त्यानेच ठरवलं की भीती कमी होते.

खंजिरी फेकून देतं? रागावण्याआधी पकड पाहा. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असतो तेव्हा, बोटांना ती धरवतच नाही, असं असू शकतं. मनगटाला घुंगरांची पट्टी बांधून बघा.

प्रतिसादच नसेल तर कान तपासून घ्या. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये ऐकू कमी येणं बरंच आढळतं. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) असेल तर सुरांचे चढउतार नीट कळत नाहीत, ठेका मात्र चांगला कळतो. तिथे पेटीपेक्षा ढोलकी बरी.

अमुक रागाने अमुक विकार बरा होतो, असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. मुलाला आवडतं ते गाणं घ्या.

आणि स्पीच थेरपी बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांच्या अभ्यासात पाच महिन्यांच्या संगीतोपचारानंतरही मूळ लक्षणांची तीव्रता संगीतोपचार न घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त घटलेली दिसली नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात मात्र एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत फायदा होण्याची शक्यता दिसली. म्हणून उपचारकाकडे जाताना ‘बरा होईल का?’ याऐवजी ‘तीन महिन्यांत नेमकं काय बदललेलं दिसायला हवं?’ असं विचारा. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हाक मारल्यावर वळून पाहणं, असं डोळ्यांना दिसेल ते ठरवून घ्या आणि वहीत तारखेसह लिहीत जा.