फेल्त्सरवाल्डमधले किल्ले कसे बघावेत: दोन दिवस, मोजके बुर्ग आणि एक लाल झालेली पँट

जर्मनीतला किल्ला म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो नॉयश्वानश्टाइनचा पांढरा राजवाडा येतो, पण तो 1869 साली बांधायला घेतलेला, म्हणजे आपल्या हिशोबाने अगदी परवाचा, आणि त्याला इथले लोक श्लॉस म्हणतात. खरा लढाईचा किल्ला म्हणजे बुर्ग. असे बुर्ग एकाच जंगलात डझनांनी बघायचे असतील तर फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या फेल्त्सरवाल्डला जा, त्यातही दक्षिणेकडच्या दान गावाच्या आसपास. मी मानहाइमच्या बाजूला राहते त्यामुळे हे जंगल घराजवळ, आणि भारतातून कोणी आलं की आधी इकडेच नेते. सह्याद्री तुडवलेल्या माणसाला हे किल्ले लगेच कळतात, कारण इथेही दगडच आधी आणि किल्ला नंतर.

पहिलं काम, तळ ठरवा. रेल्वेने येणार असाल तर आनवायलर बरं, लांडाऊहून पिर्मासेन्सकडे जाणारी गाडी तिथे थांबते आणि डॉइचलांड-टिकीट (महिन्याचा देशभर चालणारा लोकल पास) चालतं. कार असेल तर सरळ दान. दानला जाणारी छोटी रेल्वे उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच धावते आणि रविवारच्या बसचं तर विचारूच नका. पहिल्या वर्षी मी शनिवारचं टाइमटेबल बघून रविवारी एका खेड्यात उतरले आणि परत यायला बसच नाही, शेवटी दोन तास डांबरी रस्त्याने चालत स्टेशन गाठलं. तेव्हा येण्याची नाही, जाण्याची बस आधी बघायची, त्याच वाराची, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवायचा कारण दरीत नेटवर्क जातं.

दुसरं, किती किल्ले? दिवसाला एक मोठी जागा आणि एक छोटी किंवा सलग एकच वाट, बास, एका सोंडेवर ओळीने असलेले किल्ले मिळून एकच जागा धरा. लोक नकाशावर सात ठिपके बघतात आणि सातही करायला निघतात, मग चौथ्या भिंतीला सगळ्या भिंती सारख्याच दिसायला लागतात.

सुरुवात आल्टदानपासून करा. एकाच डोंगराच्या सोंडेवर ओळीने तीन किल्ले आहेत, आल्टदान, ग्राफनदान आणि टानश्टाइन, पार्किंगपासून चढ फार नाही, माझे बाबा गुडघ्याला पट्टा बांधून आरामात वर आले. थोडं तिकीट आहे. इथे घाईने वर जाऊन फोटो काढून उतरू नका, खालीच थांबून खडकाकडे बघा. हा सगळा लाल वालुकाश्म, मऊ, छिन्नीला ऐकणारा, म्हणून यांनी खडकावर किल्ला बांधला तसा खडकाच्या आतही कोरला, खोल्या, जिने, पाण्याची टाकी, सगळं. भिंतीत ओळीने चौकोनी भोकं दिसतील, ती तुळयांची. कड्याला टेकवून लाकडी मजले उभे केलेले असायचे, ते लाकूड कधीच गेलं, राहिली फक्त भोकं. एकदा ती ओळखायला लागलात की प्रत्येक उघड्या कड्यावर तुम्हाला मजले मोजता येतात. बाबांनी टाकं बघितल्या बघितल्या विचारलं, पाणी पावसाचं का झऱ्याचं? बहुतेक ठिकाणी पावसाचं, शिखरावर झरा कुठून येणार.

मग त्याच दिवशी दुपारी बुझनबर्गजवळचा ड्राखनफेल्स. हा फुकट, गेट नाही, पहारेकरी नाही. लांबून वरचा सुळका दाढेसारखा दिसतो आणि लोक त्याला दाढच म्हणतात. 1523 साली फ्रान्झ फॉन झिकिंगन नावाच्या सरदाराचं बंड तीन संस्थानिकांनी मिळून मोडलं तेव्हा हा किल्लाही पाडला, कारण त्याच्या मालकीत झिकिंगनचा हिस्सा होता. पुन्हा बांधला नाही. म्हणजे भाड्याच्या भांडणात अख्खी सोसायटी पाडावी तसं झालं. वर जायच्या कोरीव पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात, पाऊस पडला की त्यात पाणी आणि शेवाळ, तेव्हा ओल्या दिवशी शेवटचा टप्पा सोडा, खरंच सोडा. चपला, स्नीकर्स वगैरे खाली गावात.

आता जेवण, आणि हे ट्रेकइतकंच महत्त्वाचं. 1902 पासून इथे फेल्त्सरवाल्ड-फेराइन नावाची पदयात्री संघटना आहे, तिच्या स्थानिक शाखा जंगलात ह्युट्टे, म्हणजे जेवणखाण मिळणाऱ्या झोपड्या, चालवतात. ड्राखनफेल्सच्या पायथ्याशीही एक आहे. काउंटरवरून आपणच जेवण आणायचं, लांब लाकडी बाकावर अनोळखी माणसांशेजारी बसायचं, बसताना "इस्ट हिअर नोख फ्राय?" (इथे जागा आहे का?) एवढं विचारलं की झालं. दारावर "रुहेटाग" लिहिलं असेल तर त्या दिवशी सुट्टी, आणि पुष्कळ ह्युट्टे फक्त शनिवार-रविवार किंवा बुधवारी उघड्या असतात, म्हणून आदल्या रात्री तपासा. कॅश ठेवाच, पन्नास युरोची नोट नाही, सुटे.

मांसाहारी असाल तर झाउमागन खा, डुकराच्या पोटात मांस-बटाटा-मसाला भरून शिजवलेला प्रकार, जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर हेल्मुट कोल परदेशी पाहुण्यांना हौसेने हाच खिलवायचे. शाकाहारींनी घाबरू नये, "वायसर केस" म्हणजे कांदा घातलेला चक्क्यासारखा पदार्थ आणि पाव मिळतो, डाम्पनूडेल मिळाला तर सोडू नका, वाफेवर फुगवलेला गोळा, तळ खारट-खरपूस आणि वर गोड वाइन सॉस. वाइनशोर्ले अर्ध्या लिटरच्या खळगेवाल्या ग्लासात येते आणि इथे त्यात सोड्यापेक्षा वाइनच जास्त, उतरायचं बाकी असेल तर एकच ग्लास दोघांत घ्या.

दुसऱ्या दिवशी पायात दम असेल तर सीमेवरची चार किल्ल्यांची वाट करा. नोटवायलर गावातून चढा, आधी वेगेल्नबुर्ग, 570 मीटरच्या वर, इथल्या सगळ्या किल्ल्यांत उंच. तिथून सोंडेवरून चालत गेलं की झाडांत एक दगड लागतो आणि तुम्ही फ्रान्समध्ये, मग होहेनबुर्ग, ल्योवनश्टाइन आणि खाली मोठा फ्लेकनश्टाइन, तिथे परत तिकीट. थांबत-खात चार-पाच तास धरा. सीमेवर जंगलात कोणी नसतं, तरी पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड बरोबर ठेवा, व्हिसावर असाल तर शेंगेनचा आहे ना ते बघा.

ज्यांना एवढं चालायचं नाही त्यांनी आनवायलरहून ट्रिफेल्स करावा. गावातून तासाभराचा चढ. इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट 1193 साली इथे कैदेत होता, पवित्र रोमन सम्राट सहाव्या हाइनरिशने त्याच्यासाठी चांदीची प्रचंड खंडणी मागितली. साम्राज्याचा मुकुट वगैरे रत्नंही इथे ठेवलेली असायची, आज आत ठेवलेत त्या प्रतिकृती, अस्सल व्हिएन्नात. पण एक सांगते, आतला तो भव्य दगडी दिवाणखाना बघून भारावून जाऊ नका, तो मध्ययुगीन नाहीच, 1938 पासून नाझी काळात बांधायला घेतलेला आहे. मला म्हणून ट्रिफेल्सपेक्षा शेजारच्या आनेबोस आणि शार्फनबर्गचे पडके अवशेष जास्त आवडतात, तिकडे गर्दीही नसते.

पोरं बरोबर असतील तर बेरवार्टश्टाइन, इथे गाइडबरोबर आत नेतात आणि शंभर मीटरहून खोल विहीर दाखवतात. इथल्या हान्स फॉन ट्रोथा नावाच्या सरदाराने शेजारच्या वायसेनबुर्ग गावाचं पाणी बांध घालून अडवलं आणि मग बांध फोडून गाव बुडवलं. आजही सीमेपलीकडे फ्रान्सच्या अल्सास भागात ख्रिसमसला हान्स ट्राप म्हणून त्याच्याच नावाने मुलांना घाबरवतात, आपल्याकडच्या बागुलबुवासारखं.

राहिलेल्या गोष्टी भराभर. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम, हिवाळ्यात तिकिटाचे किल्ले बंद असू शकतात. वसंतात काही कड्यांवर बहिरी ससाण्याची घरटी असतात, तिथे बंदीची पाटी असेल तर ऐका. कठड्यापलीकडे सेल्फीला जाऊ नका, वालुकाश्माची कड भुसभुशीत असते. गवतातून आलात की रात्री गुडघ्यामागे, कमरेला गोचीड शोधा, चिमट्याने सरळ ओढून काढा, तेल-बिल लावू नका, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टर.

आणि पांढरी पँट घालू नका. तो लाल दगड बसल्या जागी पावडर सोडतो, माझी क्रीम रंगाची पँट बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकली तेव्हा नवऱ्याचे दोन शर्ट गुलाबी झाले, तो अजून ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला घालतो आणि मला ऐकवतो.