डीबग चालूच राहिला आणि डिस्क भरली

सर्व्हर मॅनेजमेंटचं काम हातात आलं तेव्हा लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅम काय करतो त्याच्या नोंदींच्या, सेटिंगकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एका सर्व्हरवरचा एजंट (मागे सतत चालणारा छोटा प्रोग्रॅम) मधूनच तुटायचा, म्हणून संध्याकाळी लॉग लेव्हल, म्हणजे नोंदी किती बारकाईने लिहायच्या ती पातळी, नेहमीच्या 'इन्फो'वरून सगळं बारीकसारीक लिहिणाऱ्या 'डीबग'वर नेली. कारण सापडलं, दुरुस्ती झाली. लेव्हल परत आणायची मात्र राहिली. पहाटे फोन आला. डिस्क 100 टक्के भरली होती आणि त्याच डिस्कवरचा डेटाबेस बंद पडला होता.

घाईत ती भलीमोठी लॉग फाइल मी उडवली. डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ' कमांड चालवून पाहिली, तर आकडा जागचा हलला नव्हता. फाइलींचा आकार मोजणाऱ्या 'डीयू'ला मात्र फोल्डर रिकामं दिसत होतं! लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसने फाइल उघडून धरली असेल, तर डिलीट केल्यावर फक्त नाव जातं, जागा सुटत नाही. अशा बिननावाच्या उघड्या फाइली 'एलएसओएफ' ही कमांड दाखवते. शेवटी सर्व्हिस रीस्टार्ट केली तेव्हा जागा मोकळी झाली. फाइल न उडवता ट्रंकेट करून तिचा आकार शून्यावर आणला असता, तर रीस्टार्टची गरजच पडली नसती. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

त्यानंतर रोटेशन, म्हणजे जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणं, नीट शिकलो. ते काम करणारं लॉगरोटेट सहसा दिवसातून एकदाच चालतं. त्यामुळे कॉन्फिगमध्ये 100 एमबीची मर्यादा घातली तरी दोन फेऱ्यांच्या मधे फाइल कितीही फुगू शकते. जास्त लिहिणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी ते दर तासाला चालवा. दुसरी गोम अशी, की रोटेशनमध्ये फाइलचं नाव बदललं तरी ॲप्लिकेशन जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतं. नवी फाइल उघडण्याचा सिग्नल त्याला द्यावा लागतो. 'कॉपीट्रंकेट'नेही (फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याने) काम भागतं, पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणातल्या ओळी हरवू शकतात, म्हणून मी सिग्नलच वापरतो. ॲप्लिकेशन स्वतः रोटेशन करत असेल, तर त्याच फाइलवर लॉगरोटेट लावू नका.

सिसलॉग या लॉगच्या प्रमाणित पद्धतीत पातळ्या 0 ते 7 अशा आठ. आकडा लहान तितकी बाब गंभीर. 7 म्हणजे डीबग. सुरुवातीला हे हमखास उलटं लक्षात राहतं. ॲप्लिकेशनमध्ये सोय असेल तर डीबग फक्त संशय असलेल्या मॉड्यूललाच लावा. मी तर आता डीबग लावतानाच, दोन तासांनी लेव्हल परत इन्फोवर आणणारं काम शेड्यूल करून ठेवतो.

वेळ सगळ्या सर्व्हरवर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, नाहीतर दोन मशीनचे लॉग शेजारी लावून घटनाक्रम जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

आणि डीबगमध्ये कधीकधी पासवर्ड, टोकनसुद्धा जसेच्या तसे उतरतात. फाइलची परवानगी 640 ठेवा (मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला फक्त वाचता, इतरांना काहीच नाही) आणि लॉग कुणाला पाठवण्याआधी हे दोन शब्द ग्रेप करून (फाइलमध्ये शोधून) बघा.